दादा लवकर जाईल का, या भीतीने झोप उडालेल्या बहिणीला

तुझं पत्र वाचलं गं. दादाला बायपोलर आहे (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार), गेल्या काही वर्षांत दारू आणि सिगरेट दोन्ही वाढलंय, आणि 'एकापेक्षा जास्त मानसिक आजार असले की माणूस लवकर जातो' असं कुठंतरी वाचल्यापासून तू रात्री उठून उठून त्याच्या खोलीत जातेस, श्वास चालू आहे ना बघायला. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंयस की जिना चढला की त्याच्या छातीत दाटून येतं, पण डॉक्टर म्हणाले टेन्शनने होत असेल.

मला सगळ्यात जास्त काळजी या शेवटच्या ओळीची वाटली. ईसीजी काढला होता का? चढताना दाटतं आणि थांबलं की बरं वाटतं, हे हृदयाचं असू शकतं, आणि ते नाहीये हे तपासूनच ठरवायचं, अंदाजाने नाही. मानसिक आजाराचा शिक्का एकदा बसला की पेशंटची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जाते आणि खरं दुखणं मागे राहतं, हे फार ठिकाणी होतं आणि याचा मला मनापासून राग येतो. या आठवड्यातच फिजिशियनकडे घेऊन जा, सोबत तू जा, आणि 'जिना चढताना होतं, इतक्या दिवसांपासून होतंय, सिगरेट इतक्या' हे सरळ तूच सांग. बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत.

आता तू वाचलंस त्याबद्दल. ते खोटं नाही. डेन्मार्कमधल्या ७० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, २०१९ मध्ये तो अभ्यास आला, त्यात मानसिक आजार असलेल्या पुरुषांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी आणि बायकांचं ७ वर्षांनी कमी निघालं. आजार एकावर एक असतील तर धोका वाढतो, आणि त्यात व्यसन असेल तर जास्तच. पण ही सरासरी आहे, तुझ्या दादाची तारीख नाही. आणि हे मृत्यू फक्त आत्महत्येचे नसतात, बरेचसे हृदयविकार, डायबेटिस, फुफ्फुसांचे आजार यांचे असतात, म्हणजे ज्यांवर उपचार आहेत असे. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून वजन, कंबर, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल हे ठराविक काळाने तपासायला हवं, सायकियाट्रिस्टना विचार की शेवटचं कधी झालं. पण साइड इफेक्टच्या भीतीने गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत हं, लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर ते आत्महत्येचा धोकाही कमी करतं.

'आधी दारू सोड, मग बाकीचं बघू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, दोन्हीचे उपचार एकत्रच चालायला हवेत. पण बाटल्या लपवून एका दिवसात बंदही करू नका, रोज भरपूर पिणाऱ्याला अचानक थांबल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीत. सिगरेटचंही तसंच, ती सुटली की ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या मानसिक आजारावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, डोस बदलावा लागतो, म्हणून सोडणार असेल तर आधी सांगायचं. सोडायची मात्र जरूर.

आई म्हणते मरणाचा विषय घरात काढू नका, त्याच्या डोक्यात येईल. आईची भीती मी समजू शकते, पण विचारल्याने तसे विचार येत नाहीत. शांत वेळ बघून, तो प्यायलेला नसताना विचार, 'दादा, कधी जीव द्यावासा वाटतो का?' हो म्हणाला तर ओरडू नकोस, रडलीस तरी चालेल, पण त्याला एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळव, गोळ्यांचा साठा तुझ्याकडे ठेव. या आजारासाठी कधी ॲडमिट करावं लागलं, तर हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे विशेष जपायचे असतात.

आणि रात्री दर तासाला उठून बघण्याने त्याचं काही वाचत नाही, तुझं मात्र जातंय. रात्रीची ड्युटी घरात वाटून घ्या, नाहीतर एखाद्या काऊन्सेलरशी तू स्वतः बोल, तुलाही कुणीतरी हवं आहे. ईसीजी झाला की काय निघालं ते मला नक्की लिही.