मराठी माध्यमातून शिकून जपानी शाळेत इंग्रजी शिकवायला जाता येतं का?

पदवी कुठल्याही विषयाची चालते. अडतं ते माध्यमापाशी. सरकारी शाळेत सहाय्यक भाषाशिक्षक, म्हणजे तिथले ‘एएलटी’, व्हायचं तर शिक्षक-व्हिसासाठी साधारणपणे किमान १२ वर्षं इंग्रजीतून शिक्षण झालेलं लागतं. त्यामुळे दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर आधी वर्षांचा हिशोब करा. खासगी क्लासेसचा व्हिसा वेगळा, त्याच्या अटीही वेगळ्या. परदेशी तरुणांना अशा कामासाठी बोलावणाऱ्या, १९८७ पासून चालू असलेल्या जपान सरकारच्या ‘जेट’ योजनेतून गेलात तर करार एकेक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं.

आता कामाचं. नावातच ‘सहाय्यक’ आहे. वर्ग जपानी शिक्षकाचा असतो, आपण जोडीला. कधी धडा दोघांनी मिळून बसवलेला, कधी आपण नुसते बोलके टेपरेकॉर्डर! मी प्राथमिक शाळेत होतो. दारात बूट काढून आतले वेगळे जोडे घालायचे, दुपारी मुलांबरोबर वर्गातच जेवायचं आणि जेवणानंतर तीच मुलं फडकी घेऊन ओणवी होऊन व्हरांडा पुसत धावायची. माझं खरं इंग्रजी तेव्हाच चालायचं, कारण फळ्यासमोर गप्प बसणारी पोरं फडकं हातात आलं की बिनधास्त बोलायची.

शाकाहारी असाल तर डबा न्या, पण आधी मुख्याध्यापकांना सांगा. भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो. आणि थोडी जपानी शिकूनच जा, शिक्षकखोलीत सगळं जपानीतच चालतं.