कॅप डिझाइनचा कोर्स जरूर करावा, पण दवाखाना सोडू नये

सप्रेम नमस्कार,

सोलापूरच्या अशोक चौकातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपल्या मुलीची बीडीएसची इंटर्नशिप दोन महिन्यांत संपत आहे. त्यानंतर दाताच्या कॅपचे, म्हणजे क्राउनचे, संगणकावर डिझाइन करण्याचा तीन महिन्यांचा कोर्स करून तिला घरबसल्या काम करायचे आहे आणि सॉफ्टवेअर असताना रुग्ण तपासण्यात वर्षे घालवण्याची गरज नाही, असे ती म्हणते. कोर्स तिने जरूर करावा, मात्र त्यासाठी दवाखाना सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक्झोकॅड किंवा थ्रीशेपसारखे सॉफ्टवेअर मन लावून शिकणाऱ्याच्या हातात काही महिन्यांत बसते. काही हिशेब ते माणसापेक्षा बिनचूक करते. झिर्कोनिया, म्हणजे कॅपचे एक सिरॅमिक साहित्य, भट्टीत सुमारे 20 टक्के आकसतो, म्हणून कॅप आधी किती मोठी कापायची, हे तेच ठरवते. आता तर कॅपचा पहिला आराखडाही ते स्वतःच मांडते. त्यामुळे नुसते सॉफ्टवेअर चालवता येण्याचे मोल पुढे कमीच होत जाईल, असे मला वाटते.

खालच्या पहिल्या दाढेचा स्कॅन आला आहे आणि तिची कड, म्हणजे कॅप जिथे दाताला टेकते ती मार्जिनची रेषा, एका बाजूला पुसट आहे, असे समजा. तिथे हिरडीतून रक्त आले असेल, लाळ साचली असेल किंवा कॅपसाठी दातच यंत्राने नीट घासून लहान केला गेला नसेल. ज्याने स्वतः रुग्णाचा दात घासला आहे, तो ती रेषा अंदाजाने ओढत नाही, डॉक्टरांना फोन करून पुन्हा स्कॅन मागतो. झिर्कोनियाला चावण्याच्या बाजूस साधारण 1 मिलिमीटर जाडी लागते आणि पडद्यावर जागा 0.6 मिलिमीटरच दिसते, तेव्हा सॉफ्टवेअर इशारा देते. पण दात आणखी घासावा, समोरचा दात किंचित कमी करावा की साहित्यच बदलावे, हे रुग्ण पाहिलेल्या माणसालाच उमगते. शेजारच्या दाताशी स्पर्श सैल राहिला, तर तिथे शेंगाचटणी अडकते आणि हिरडी सुजते. कडक भाकरी चावताना जबडा आडवाही फिरतो. दात नुसते मिटलेल्या स्थितीत जुळवलेली कॅप तेव्हा उंच लागते.

घरबसल्या कामाबद्दल मला खरी काळजी वाटते ती अशी की, ते बहुधा नगावर मिळते आणि आपली कॅप तोंडात कशी बसली, हे डिझाइन करणाऱ्याला कळतच नाही. आपण यंत्रमाग चालवता, त्यामुळे नगावरच्या मजुरीत घाई कशी शिरते, हे आपणास सांगायला नको.

म्हणून इंटर्नशिप संपताच तिने महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करावी आणि पहिली दोन वर्षे सकाळी दवाखान्यात, संध्याकाळी डिझाइनवर काम करावे. स्वतः डिझाइन केलेल्या पहिल्या 50 कॅप बसताना तिने शक्यतो खुर्चीजवळ उभे राहावे, दात कुठे टेकतात हे दाखवणाऱ्या, चावण्याच्या कागदाचे निळे ठिपके कुठे उमटले आणि डॉक्टरांनी कुठे घासले, हे वहीत लिहावे आणि त्याच संध्याकाळी ते डिझाइन पुन्हा उघडून पाहावे. सोलापुरात मेणावर दात कोरणारे जुने टेक्निशियन भेटले, तर त्यांच्याजवळही महिनाभर बसावे.

कोर्सची फी भरण्यापूर्वी, विद्यार्थ्यांनी केलेली कॅप रुग्णाच्या तोंडात बसताना दाखवतात का, हे आपण विचारून घ्यावे. उत्तर नकारार्थी आले, तर दुसरा कोर्स शोधावा.