“केस केली तर त्यांचं बंदुकीचं लायसन जाईल ना?”

नवऱ्यावर कौटुंबिक हिंसाचाराची केस करायची की नाही, या विचारात असलेल्या बायका हे दबक्या आवाजात विचारतात, आणि त्यात काळजी असते ती नवऱ्याच्या नोकरीची. नवरा माजी सैनिक, बँकेत गनमॅन. बारा बोअरचं लायसन गेलं की पगार गेला. अशाच एकीच्या समुपदेशनाच्या पाच बैठका इथे थोडक्यात देते. ओळख बदलली आहे.

“बंदूक रोखलीय कधी?”

“छे! भांडण झालं की समोर बसून नळी पुसतात. नुसतीच.”

“आणि काडतुसं?”

“ताटाशेजारी ओळीनं मांडतात.”

“हे अर्जात नाही लिहिलंत?”

“मारलं नाही ना.”

मी वाद घातला नाही. त्या वेळी मुलं कुठे असतात, एवढंच विचारलं. “आतल्या खोलीत पाठवते, कडी लावते,” म्हणाली आणि थांबली. मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. भीती तोंडाआधी हाताला कळते, हे मी मानत आले आहे. कडी लावणारा हात हाच तिचा पहिला जबाब होता.

आता कायदा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा (2005) अर्ज दिवाणी स्वरूपाचा. संरक्षण आदेश (हिंसा करू नये असा कोर्टाचा हुकूम) निघाला म्हणून कोणी दोषी ठरत नाही. शस्त्र कायद्याच्या (1959) कलम 9 ची बंदी येते ती हिंसेच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाल्यावर, आणि शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षं राहते. नुसत्या दंडानं ती लागत नाही. म्हणजे शिक्षेची वाट पाहायची तर तोवर बंदूक घरातच.

पण कलम 17 खाली परवाना अधिकारी सुरक्षिततेच्या कारणानं निकालाआधीही परवाना निलंबित करू शकतो. अर्ज जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयात पोलीस आयुक्तांकडे. त्यात परवाना क्रमांक, घटनांच्या तारखा, एनसीची (पोलिसांकडे नोंदलेल्या अदखलपात्र तक्रारीची) प्रत. नुसतं ‘त्रास देतात’ लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. शिवाय 2006 च्या नियमांनुसार न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितल्यास संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला अधिकारी) पोलिसांच्या मदतीनं हिंसाचारातलं शस्त्र जप्त करू शकतो. मात्र अर्जात शस्त्राचा उल्लेखच नसेल, तर ते सांगणार कशाच्या आधारावर? नळी पुसणं लिहायचं ते म्हणून.

तिनं लिहिलं, तारीखवार. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली, पावती मिळाली. नवरा आता बिनहत्यारी पहाऱ्यावर आहे. पगार कमी, पण चालू. (निलंबनावर त्याला अपील करता येतं, हेही तिला आधीच सांगून ठेवलं होतं.)

आणखी एक. बंदूक जमा होते त्या रात्री बाईनं त्या घरात थांबू नये. माहेर, बहीण, निवारागृह, जे असेल ते आदल्या दिवशीच ठरवावं. कागदपत्रं आणि मुलांचे दाखले आधीच तिथे पोचवावेत.