गाडी बंद पडली की घर का पेटतं?

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. शाळा सुरू होऊन पावसाने जोर धरला की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. "मॅडम, सकाळी गाडी चालू झाली नाही की आमच्या घरात जे होतं ना, ते बघवत नाही." कधी बायको सांगते, कधी नवरा. बिघाड निरनिराळे असतात. कोणाची बॅटरी उतरलेली, कोणाचा क्लच गेलेला. भांडण मात्र सगळीकडे तेच. आणि त्यामागची भीतीही तीच: "एवढ्याशा गोष्टीवरून आपण असे वागतो, म्हणजे आपल्यात काहीतरी मोठं बिनसलंय का?"

बहुतेक घरांत तसं काही बिनसलेलं नसतं. मग होतं काय, ते एका घराच्या निमित्ताने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणारं सहा माणसांचं घर. नवरा आयटीत, बरेच दिवस घरूनच काम. बायको शिक्षिका. मुलगी चौथीत, धाकटा बालवाडीत. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांची फिजिओथेरपी चालू. सासरे एसटीतून निवृत्त. गाडी एकच, तीही जुनी घेतलेली. सकाळी सातला तिच्यावर तीन जणांचं वेळापत्रक टांगलेलं.

पण ते गाडीसाठी आले नव्हते, मुलीसाठी आले होते. सकाळी तिच्या पोटात दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही, म्हणून माझ्याकडे पाठवलं.

मुलीला मी विचारलं, "कधी दुखतं गं?"

"बाबा खाली गेले की."

"खाली गेले की काय होतं?"

"मी बाथरूमच्या खिडकीतून ऐकते. एकदाच घुर्र झालं तर काही नाही. टक टक टक असं आलं, की मग आजी देवघरात जाते, आई डबे परत बाहेर काढते आणि बाबा वर येऊन चप्पल जोरात काढतात."

नऊ वर्षांच्या मुलीने घराचा नकाशाच काढून दिला होता. तिचं दुखणं खोटं नव्हतं. त्या टकटकीनंतर काय येणार हे तिच्या पोटाला आधी कळत होतं. तेव्हाच मी ठरवलं की एकट्या मुलीशी बोलून भागणार नाही, सगळं घर बोलवायचं. मी नेहमी असंच काम करते. ज्याला त्रास होतो, तो बरेचदा घराचा ताण फक्त बोलून दाखवत असतो.

व्हर्जिनिया सटीर (१९१६–१९८८) या अमेरिकन कुटुंबोपचारतज्ज्ञ बाईंचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. ताण आला की माणसं ठरावीक पवित्रे घेतात. कोणी दोष देतं, कोणी पडतं घेतं, कोणी भावना बाजूला सारून कोरडा तर्क लढवतं, तर कोणी विषयच भलतीकडे नेतं. या घरात चौघेही हजर होते. नवरा म्हणायचा, "काल रात्री आतला दिवा कोणी चालू ठेवला?" बायको म्हणायची, "जाऊ दे, मी करते रिक्षा." सासरे लांबून सांगायचे, "जुनी गाडी घेताना मी बोललो होतो." आणि धाकटा बरोबर त्याच क्षणी दूध सांडायचा.

यातलं प्रत्येक वाक्य एकेकटं पाहिलं तर साधं आहे. पण ते ऐकू कसं येतं? "मी करते रिक्षा" हे बायकोचं पडतं घेणं नवऱ्याला टोमणा वाटायचं. एकदा तो मनापासून बोलला, "मॅडम, सेल्फ घेत नाही ना, तेव्हा सगळे माझ्याकडे बघतात. ही गाडी मीच निवडली होती." गाडीची बॅटरी उतरत होती आणि त्याला ऐकू येत होतं, तू कमी पडलास. उलट शाळेच्या मस्टरवर उशिराचा शेरा पडायचा बायकोच्या नावावर. तिने घर सोडताना एक शब्द काढला नाही, तरी तो राग संध्याकाळी भाजीच्या पातेल्यावर निघायचा.

आता ज्या बैठकीने घर बदललं ती सांगते. सासरे दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि गप्प असायचे. स्वारगेट आगारातून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालेला माणूस, आणि घरातल्या गाडीबद्दल "मी बोललो होतो" यापलीकडे त्यांच्या वाट्याला काही उरलं नव्हतं. मी त्यांनाच विचारलं, "बाबा, स्टँडवर गाडी बंद पडली, आत माणसं भरलेली, तर तुम्ही पहिल्यांदा काय करत होता?"

ते सरळ बसले. "पहिल्यांदा गाडीला हातच लावायचा नाही. पॅसेंजर उतरवायचे, दुसरी गाडी लावायची. ती फलाटावरून हलली की मग बॉनेट उघडायचं."

"आणि चूक कोणाची ते?"

"ते कागदावर. ड्रायव्हर लॉगशीटवर लिहून द्यायचा, सेल्फ घेत नाही, ब्रेक ओढतोय. फलाटावर चूक कोण काढत बसणार? पॅसेंजर खोळंबलेत ना."

खोलीत कोणी बोलेना. मग मुलगा म्हणाला, "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तुझी गाडी कॉम्प्युटरवाली."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते शब्द मी माझ्या तोंडून सांगितले असते, तर तो एक चांगला सल्ला ठरला असता, बस. सासऱ्यांच्या तोंडून आले तेव्हा त्यांना घरातली जागा परत मिळाली आणि मुलाला वडील मिळाले. उत्तर बहुतेक वेळा घरातच कोणाकडे तरी असतं, त्याला कोणी विचारलेलं नसतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. त्या माणसापर्यंत पोचणं हेच मी माझ्या कामाचं खरं कसब मानते.

माझ्या परीने मी त्यात एवढंच जोडलं. गाडी बंद पडली की तीन प्रश्न एकमेकांत गुंततात: आज कोण कसं पोचणार, गाडीला काय झालंय, आणि चूक कोणाची. सकाळी फक्त पहिला प्रश्न घ्यायचा. दुसरा संध्याकाळी. तिसरा बहुतेकदा दुसऱ्याचं उत्तर मिळालं की आपोआप गळून पडतो.

तसंच झालं. सासऱ्यांनी मल्टिमीटर काढला. पूर्ण चार्ज बॅटरी गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, यांची १२ च्याही खाली. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर. बॅटरी चार वर्षांची, आणि रोजच्या फेऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या. सेल्फ मारताना जी वीज जाते, ती एवढ्याशा फेरीत पुरती भरून निघत नाही. आतला दिवा कधी राहिला असेलही, पण रोजच्या टकटकीला तो कारण नव्हता. कितीतरी सकाळी ज्या गुन्ह्याचा तपास चालला होता, तो कोणी केलाच नव्हता! बॅटरी बदलली आणि रविवारी खडकवासल्यापलीकडे एक लांब चक्कर ठरली.

तुमच्या घरीही हे होत असेल तर गाडी धड असतानाच बसून ठरवा, कोण रिक्षाने, कोण शेजाऱ्यांबरोबर, शाळेत फोन कोण करणार. कागद फ्रीजवर लावा. पहिल्या पंधरा मिनिटांत "मी म्हटलं होतं" हे वाक्य बंद. विम्यात रस्त्यावरची मदत घेतली आहे का ते बघून तो नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. आणि गाडी पाण्यात बंद पडली असेल तर चालवणाऱ्यामागे "अजून एकदा मार ना सेल्फ" असा लकडा लावू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर असं नुकसान विम्यात बरेचदा बसत नाही. घाईतल्या त्या एका आग्रहावरून पुढे वर्षभर बोलणी खाणारी माणसं मी पाहिली आहेत.

गाडी ठेवायची की विकायची, हा निर्णय ती बंद पडलेल्या दिवशी कधीही घेऊ नका. तो सुट्टीच्या दिवशी, वर्षभराची गॅरेजची बिलं समोर ठेवून घ्या, आणि ज्याने गाडी निवडली त्याच्या निवडीवर एक अक्षर न बोलता.

मुलांना यात मध्यस्थ करू नका. "जा, बाबांना सांग" हे नको. त्या मुलीला आम्ही कुठलंच काम दिलं नाही, तिला एवढंच सांगितलं की टकटक झाली तर मोठी माणसं बघतील. पोटदुखी हळूहळू कमी होत गेली, एकदम नाही. परीक्षेच्या आठवड्यात परत आली होती, तेव्हा आईने शाळेत चिठ्ठी न देता तिला जवळ घेऊन बसवलं.

आणि गाडी दुरुस्त झाल्यावर तेच भांडण तसंच्या तसं गॅस सिलिंडरवर किंवा मुलांच्या मार्कांवर सरकलं, तर मात्र समुपदेशकाला भेटायला उशीर करू नका. येताना घरात सगळ्यांत कमी बोलणाऱ्या माणसालाही बरोबर आणा.