प्लॉट विकायचा, पण कशासाठी?

प्रश्न: पत्नी ४१ वर्षांची आहे. दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून चार महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू आहे. घरात १०० येतात असं धरलं तर ४५ त्यातच जातात. एक प्लॉट आहे. तो विकून पैसे मुदत ठेवीत टाकावेत आणि व्याजावर डायलिसिस चालवावं का? सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत, पण प्रत्यारोपणाच्या खर्चाची भीती वाटते.

उत्तर: प्लॉट विका, पण व्याजावर डायलिसिस चालवायला नको.

आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा. डायलिसिसचे दर वाढत जातील, व्याज मात्र ठरलेलंच येईल. मग मुद्दलाला हात लागेल, आणि मुद्दल संपेल तेव्हाही डायलिसिस चालूच असेल. शिवाय जाण्यायेण्याचं भाडं, हिमोग्लोबिनची इंजेक्शनं, तपासण्या, तुमचे बुडालेले कामाचे दिवस हे सगळं त्या ४५ मध्ये धरलंय का? बहुतेक कुटुंबं धरत नाहीत. ओढाताण झाली की तीनाचे दोन होतात. ते कधीही करू नका. अंगात पाणी आणि पोटॅशियम साचून जीवावर बेततं.

म्हणून दरमहाचा खर्च आणि साठवलेला पैसा वेगळे ठेवा. महिन्याचा खर्च खाली आणायला आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना तिथे मोफत डायलिसिस मिळतं. तुम्ही त्यात बसत नसाल तरी तिथला दर विचाराच. पोटातून, घरीच करायच्या डायलिसिसबद्दलही डॉक्टरांशी बोला. थायलंडने २००८ मध्ये सरकारी योजनेत हीच पद्धत आधी देण्याचं धोरण घेतलं होतं. फेऱ्या वाचतात, पण पोटात सोडायच्या द्रवाच्या पिशव्यांचा खर्च आणि स्वच्छतेची शिस्त आलीच. तुमच्या कंपनीची सामूहिक विमा पॉलिसी असेल तर तिची अटींची पानं आजच काढा. आत्ता नवी पॉलिसी घेऊन या आजाराला संरक्षण मिळेल, या आशेवर राहू नका.

मानेतल्या नळीवर डायलिसिस चालू असेल तर हातातल्या फिस्टुलाची (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडण्याची) शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. तो वापरायला तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि नळीतून जंतुसंसर्ग झाला की रुग्णालयाचं बिल महिन्याचं गणित मोडून टाकतं.

प्लॉटचे पैसे प्रत्यारोपणासाठी राखा. पहिल्या वर्षी खर्च मोठा असतो हे खरं. पण नंतरचा वर्षाचा खर्च बहुतेक वेळा डायलिसिसपेक्षा कमी पडतो, आणि तुमच्या पत्नीचे दिवस तिचे तिला परत मिळतात. भीती धरायचीच तर औषधांची धरा. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ती कायम घ्यावी लागतात, आणि पैशांअभावी ती थांबली तर किडनी जाते. म्हणून शस्त्रक्रियेचा अंदाज लेखी घ्या, आणि दोन वर्षांच्या औषधांइतकी रक्कम आधीच वेगळी काढा. त्याला हात लावायचा नाही. ती उरत नसेल तर धर्मादाय मदतीचे अर्ज आधी भरा, पण वैयक्तिक कर्ज काढून ती भरू नका.

आणि सासूबाई. त्यांच्या तपासण्या, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, पुढे दरवर्षीची तपासणी, यांचे पैसेही त्याच प्लॉटमधून बाजूला काढा. त्यांनी मागायची वाट बघू नका.