‘वॉर ब्राइड’, समेट आणि माहेर

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या एका कुटुंबाची हकीगत मराठीत आणायची आहे. आजी जपानी ‘वॉर ब्राइड’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकाशी लग्न करून तिकडे गेलेली. लग्नामुळे घरच्यांनी तिच्याशी संबंध तोडले. आता नातवंडांना जपानमधल्या नातेवाइकांशी पुन्हा जुळवून घ्यायचं आहे. ‘युद्धवधू’ आणि ‘समेट’ हे शब्द चालतील का?

‘युद्धवधू’ मला खटकतो. युद्धात जिंकून आणलेली बाई, असं काहीसं त्यातून ऐकू येतं. शिवाय ‘वधू’ मांडवापुरतीच असते, ही तर आजी झाली. जपानी शब्द आहे ‘सेन्सो हानायोमे’. सेन्सो म्हणजे युद्ध, हानायोमे म्हणजे नवरी. त्यातल्या ‘योमे’चा अर्थ सूनसुद्धा होतो, आणि त्याच्या चित्राक्षरात ‘स्त्री’ आणि ‘घर’ शेजारी शेजारी बसलेले असतात. पण कालच्या शत्रूच्या सैनिकाशी लग्न केलं म्हणून जपानमध्ये या शब्दाला हेटाळणी चिकटली आणि अनेकींना तो नकोसा झाला. अशा 40 हजारांहून अधिक जणी अमेरिकेत गेल्या. तेव्हा एकदा ‘वॉर ब्राइड’ लिहा, अर्थ सांगा आणि पुढे सरळ ‘आजी’च म्हणा.

तिला ‘टाकलेली’ मात्र म्हणू नका. आपल्याकडे टाकलेली ती नवऱ्याने. हिचं माहेर तुटलं. जपानीतही ‘एन ओ किरु’ म्हणतात, म्हणजे ऋणानुबंध कापणं.

इथे एक बारकावा आहे. जपानमध्ये ‘कोसेकी’ नावाची कुटुंबनोंद असते. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की जपानचं जातं आणि तसं कळवल्यावर त्या नोंदीतून नाव कमी होतं. रेशनकार्डातून लेकीचं नाव ‘कमी करतात’, तेच क्रियापद इथे चपखल बसतं. ‘नाव काढलं’ लिहाल तर आजीने घराण्याची कीर्ती वाढवली असा अर्थ होईल! आणि ‘नाव पुसलं’ही चूक, कारण जुन्या हस्तलिखित नोंदीत अशा नावावर फुली मारत. फुलीखालचं नाव वाचता येतं. थेट वंशजांना त्या नोंदीची प्रत मागता येते, आणि मूळ गावाचा पत्ता बहुधा तिथेच सापडतो.

आता ‘समेट’. तो भांडणाऱ्या दोन पक्षांत होतो. ‘तडजोड’ म्हटलं की दोघांनी थोडं थोडं सोडायचं. ‘दिलजमाई’ सुंदर शब्द आहे, पण आधी फाटलेली मनं तीच हवीत. इथे जे भांडले ते बहुतेक आता नाहीत. नातवंडांनी आजीच्या माहेरच्या कुणाचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांना हवं आहे ते येणंजाणं. म्हणून ‘समेट घडवून आणण्याची इच्छा’ हे वाक्य काढून टाका आणि लिहा: ‘आम्हांला आजीचं माहेर पाहायचं आहे. तुम्ही याल का भेटायला?’