वाचक विचारतात : शाळेतली 'मुलींची कामं' आणि 'मुलांची कामं'

प्रश्न : माझी आई १९६८ साली अकरावी मॅट्रिक झाली. ती म्हणते, त्यांच्या कन्याशाळेत बीजगणित-भूमिती शिकवतच नसत. हे खरं असू शकतं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो. अकरावीच्या जुन्या एसएससीत वरच्या गणिताऐवजी सोपं अंकगणित घेता येई, आणि अनेक कन्याशाळा मुलींसाठी तेच ठेवत. जोडीला गृहशास्त्र किंवा शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. त्या काळी ती सवलत वाटे, पण तिथेच विज्ञान आणि अभियांत्रिकीची वाट बंद होई. मुलींनी नेमकं काय शिकावं, हा वाद तर पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ साली सुरू झाली तेव्हापासूनचा. शाळेची ११ ते ५ ही वेळही त्या वेळी टीकाकारांना खुपत होती. मुलींना घरकाम करून जमेल एवढीच शाळा असावी, असं त्यांचं म्हणणं.

पाठ्यक्रमातला हा भेद नको, असं मुलगे-मुलींच्या अभ्यासक्रमाचा विचार करणाऱ्या हंसा मेहता समितीने १९६०च्या दशकात स्पष्ट सांगितलं. हंसाबेन बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू असतानाच तिथे गृहविज्ञानाचं शिक्षण उभं राहिलं होतं. त्यांच्या समितीने गृहविज्ञान माध्यमिकपूर्व टप्प्यापर्यंत मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवा, असं सुचवलं. सूचनेचा हा अर्धा भाग आपण फार लवकर विसरलो. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचं करण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात अकरावीऐवजी दहावीला एसएससी, या नव्या पद्धतीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. तुमची आई त्याआधीची, म्हणून तिच्या वाट्याला जुनी व्यवस्था आली.

प्रश्न : मी सहावीला शिकवते. पट ३६, मुलगे-मुली जवळपास सारखे. भेदभाव करायचा नाही असं सगळे शिक्षक ठरवतात, तरी झाडू मुलींच्या हाती आणि बाकं उचलायला मुलगे, हे चालूच राहतं. नेमकं काय करावं?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, 'ठरवून' हे बदलत नाही, कारण ही वाटणी मुळात कुणी ठरवलेलीच नसते. ज्याला जे येतं ते काम त्याला देत गेलं की ती आपोआप होते. म्हणून कामाचा तक्ता करा.

३६ जणांचे ६ जणांचे ६ गट पाडा, प्रत्येकात मुलगे-मुली मिसळून. कामंही सहा घ्या : झाडणं, फळा आणि खडू, पिण्याचं पाणी, बाकं, परिपाठ, ग्रंथपेटी. दर सोमवारी काम पुढच्या गटाकडे. सहा आठवड्यांत फेरी पूर्ण होते. हे बहुतेक शाळा करतात आणि तरी फसतात, कारण गटाच्या आत पुन्हा तेच घडतं. झाडण्याच्या आठवड्यात गटातल्या मुली झाडतात आणि मुलगे सुपली धरून उभे राहतात. त्यामुळे तक्त्यावर गटाऐवजी वाराखाली नाव लिहा : सोमवारी अमका झाडणार, मंगळवारी तमकी.

दुसरी अडचण हमखास येते. मुलगा कोपरे सोडून झाडतो आणि एखादी मुलगी न सांगता पुन्हा झाडून घेते. तिला थांबवा. खराटा कसा धरायचा, आतून दाराकडे कसं यायचं, हे त्याला एकदा करून दाखवा आणि काम त्याच्याकडूनच पुरं करून घ्या. आठवड्याभरात हात बसतो. पालक तक्रार घेऊन आले तर तक्ता दाखवा. सगळ्यांची नावं दिसली की बोलणं सोपं जातं.

पाहुणे आले की औक्षणाचं तबक मुलींकडे आणि माइक मुलांकडे, हेही याच तक्त्यात घाला.

वर्गातल्या प्रश्नांचंही मोजून बघा. बैठकीचा नकाशा काढा आणि सलग पाच तासिका, ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात रेघ मारायला सहशिक्षकाला सांगा. स्वतः मारू नका. रेघ मारायची म्हटलं की आपण आपोआप सावरतो आणि आकडे खोटे येतात. हात वर करणाऱ्यांनाच विचारत गेलात तर तेच पाच-सहा चेहरे बोलतात. नावं लिहिलेल्या ३६ काड्या डब्यात ठेवा, आधी प्रश्न विचारा, तीन-चार सेकंद थांबा, मग काडी काढा. काडी आधी काढली तर बाकीचे ३५ जण विचार करणं सोडतात.

विज्ञानाच्या प्रयोगात मुलगा जोडणी करतो आणि मुलगी निरीक्षणं लिहिते, कारण तिचं अक्षर चांगलं असतं. अर्ध्या तासिकेला वही आणि साहित्य यांची अदलाबदल सक्तीची ठेवा.

हजेरीपटात आधी मुलगे मग मुली असतील तर जूनमध्येच आडनावाच्या एकाच क्रमाने नावं लावा. वर्षाच्या मध्ये बदललात तर गुणनोंदी आणि ऑनलाइन माहितीत क्रमांक जुळत नाहीत.

प्रश्न : सर्वांना एकच गणवेश असावा का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयन्चिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने सर्वांना शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी दिली, आणि मुलींना पळणं-चढणं सोपं झालं. आमचं मत, आधी पर्याय खुला करा. ज्या मुलीला सलवार हवी तिला सलवार, पँट हवी तिला पँट, रंग एकच. पालकसभा एप्रिलमध्ये घ्या. कापड खरेदी झाल्यावर घेतलेल्या सभेत कुणी मत बदलत नाही. आणि खेळाच्या तासाला मैदानाचा मधला भाग कुणाकडे असतो, तेही बघा. मैदानाचे वार मुलींना ठरवून दिले नाहीत, तर पँट घालूनही मुली कडेलाच उभ्या राहतील.